भाऊसोचा चुलतभाऊ

सांगलीच्या बाजारात ‘ओ पाटील’ म्हणून हाक मारली की दहा माना वळणार, हे ठरलेलंच. त्यात काय मोठंसं. पण त्या दिवशी गणपती पेठेत एका म्हाताऱ्या गृहस्थानं किराणा दुकानाच्या पायरीवरून तशी हाक मारली आणि वळलेल्या मानांमध्ये एक मान महेंद्र चंदनशिवेची होती. आसिफ रस्त्याच्या ह्या अंगाला सायकलच्या कॅरियरला तांब्याच्या तारेचं बंडल बांधत होता. त्याचा हात दोरीवरच थांबला. महेंद्र नुसता वळला नाही. ‘आलो तात्या’ म्हणाला, पिशवी ह्या हातातली त्या हातात घेतली आणि सरळ त्या म्हाताऱ्याकडे गेला. जरा अडखळावं, क्षणभर इकडंतिकडं बघावं, तसलं काही नाही. पाळण्यात घातल्यापासून त्याला त्याच नावानं हाक मारत असल्यासारखा तो गेला. दोन-अडीच वर्षांनी दिसत होता तो. आणि हे नाव त्याला दुसऱ्या कुणी नाही, आसिफनंच दिलं होतं. कोकणात, एका घराच्या अंगणात उभं राहून, त्याला न विचारता.

खरं तर त्याला बघून आनंद व्हायला पाहिजे होता. दोन आठवडे आसिफ त्यालाच शोधत होता. फिरदोसचं, त्याच्या धाकट्या बहिणीचं, लग्न तोंडावर आलेलं, आणि तिचं एकच टुमणं, ‘महेंद्रभाईला सांगितलंस का?’ घरात सगळे दखनीत बोलत, पण महेंद्रचा विषय निघाला की पोरगी मराठीवर यायची, कारण त्याच्याशी ती मराठीच बोलत आली होती. कवठे महांकाळला उरुसाच्या गर्दीत ती महेंद्रच्या खांद्यावर बसून मिठाईची दुकानं बघायची. सख्ख्या भावाच्या खांद्यावर नाही. तो बुटका, त्याच्यावरून काय दिसणार, असं म्हणायची. म्हणून आसिफ माधवनगरला, महेंद्र वायरमन होता त्या गिरणीवर जाऊन आला होता. गिरणी बंद पडलेली, फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, वायरमन होते ते सगळे पांगले, कोण कुठं गेलं काय सांगू. आता तोच महेंद्र हाकेच्या अंतरावर उभा होता आणि हाक आसिफच्या तोंडातून फुटत नव्हती. ‘म्हेंद्या’ म्हणून ओरडायचं, एवढंच काम. गावात शंभर वेळा ओरडला असेल. आज त्याला कळेना, तो वळेल का.

म्हातारा आणि महेंद्र चालायला लागले. आसिफ सायकल हातात धरून मागोमाग निघाला. आपल्या वाइंडिंगच्या दुकानात विहिरीवरच्या पंपाची मोटार उघडून ठेवलेली, शेतकरी संध्याकाळी न्यायला येणार, सगळं खरं. पण पाय त्या दोघांच्या मागंच जात होते. महेंद्र मागून थोडा जाड दिसत होता. मान मात्र तीच, कानामागं वस्तरा लागल्याचा बारीक व्रण असलेली. आय.टी.आय.ला असताना आसिफच त्याचे केस कापायचा, तेव्हाचा तो व्रण. दोघांची एक खोली, एक स्टो, एकच चांगली पँट, ज्याची तोंडी परीक्षा असेल त्यानं घालायची. त्याच्याही आधी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत साठलेल्या पाण्यात आसिफनं त्याला पोहायला शिकवलं होतं. आसिफ स्वतः भाऊसोच्या विहिरीत शिकला. भाऊसो म्हणजे पाटलाचा पोरगा, ह्या तिघा दोस्तांतला तिसरा. त्याच्या विहिरीत गावातली निम्मी पोरं डुंबत, पण महेंद्र काठावर दिसला की भाऊसोचा आजा नुसता खाकरायचा. एक शब्द बोलायचा नाही. महेंद्र आपला कपडे न काढता परत जायचा. मग आसिफच विहीर सोडून त्याच्याबरोबर खाणीवर जायला लागला. पाणी हिरवं, तळाला दगड, अंगाला खाज सुटायची. तिथं महेंद्र पहिल्यांदा पाय न टेकता ह्या कडेपासून त्या कडेला गेला तेव्हा आसिफ एवढा खूश झाला होता, की घरी जाऊन उगीचच बहिणीला फुटाणे देऊन टाकले.

समुद्रावर जायची टूम भाऊसोची. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. द्राक्षांचा माल निघून गेला होता, बापाची जीप रिकामी उभी होती, आणि तिघांपैकी एकानंही समुद्र बघितलेला नव्हता. ‘पंचविशी उलटली, गड्या, आन आपुन अजून टँकरचं पानी बघतोय,’ भाऊसो म्हणाला, आणि निघालेच. घाट उतरताना भाऊसो गात होता, महेंद्र टपावर ताल धरत होता, आसिफ मागं उरलेल्या द्राक्षांच्या एका पेटीवर बसून द्राक्षं खात होता. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला ते कुठलंसं गाव. माडांतून वाट, वाट संपली आणि एकदम समोर ते पाणी. भाऊसोनं आधी हात घालून बघितला, मग चूळ भरली आणि थुंकला. ‘आयला, एवढं पानी, आन प्यायला घोटभर न्हाई.’ मग कपडे कुठं गेले आणि कोण कुणाच्या अंगावर पडलं, काही ताळतंत्र राहिला नाही. लाट आली की विहिरीत मारतात तसा सूर मारायचा आणि वाळूवर तोंड आपटून घ्यायचं, हे भाऊसोनं तीनदा केलं. हसून हसून आसिफच्या बरगड्या दुखल्या. महेंद्र मात्र लाटांच्या पलीकडं गेला, पाठीवर पडला आणि हात पसरून नुसता तरंगत राहिला. आसिफ पोहत त्याच्याजवळ गेला. कानात पाणी, वर आभाळ, आणि महेंद्र आभाळाकडं बघतच म्हणाला, ‘हितं कुनाची हीर न्हाई, आसिफ. कुनी वर काढनार न्हाई.’ दोघंही तसेच पडून राहिले. एवढं सुख त्याला पुढं कधी झालं नाही. अगदी स्वतःच्या लग्नातही नाही.

आता वाटतं, तिथूनच परत फिरायला पाहिजे होतं. ओल्या अंगानं जीपमध्ये बसायचं आणि घाट चढायचा. पण भूक लागलेली, रात्री कुठं टेकायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या घरातल्या काकू पाहुणे ठेवतात, जेवण फर्मास करतात. काकू अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. बाई चांगली, उगीच कशाला खोटं बोला. मुलगा मुंबईला, घरात एकट्या. ‘या हो, दुरून आलात,’ म्हणाल्या, पाय धुवायला पाणी दाखवलं, आणि पदराला हात पुसत सहज विचारलं, ‘आडनाव काय म्हणायचं?’ भाऊसो म्हणाला, ‘पाटील.’ ‘म्हणजे आपल्यातलेच,’ काकू म्हणाल्या आणि त्यांची नजर महेंद्रवर आली. महेंद्रचे केस ओले होते, ओठाच्या कडेला वाळू लागली होती, आणि मघाचं ते हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. ते मावळायला लागलेलं आसिफनं बघितलं. विहिरीच्या काठावरून कपडे न काढता परत जाणारा पोरगा त्याला समोर दिसला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘हे पन पाटीलच. ह्यांचे चुलतभाऊ.’ भाऊसोनं एकदा आसिफकडं बघितलं आणि होकाराची मान हलवली. मग काकूंनी आसिफकडं बघितलं. आता ह्याच दमात स्वतःचंही काही ठोकून द्यायचं होतं. पण जीभ रेटेना. ‘मी आसिफ,’ तो म्हणाला. काकूंचा चेहरा बदलला नाही. ‘बरं बरं,’ म्हणाल्या, ‘तुमचं पान इथं ओटीवर मांडते हो. इथं वारं छान लागतं.’

वारं छान लागत होतं, त्यात खोट नाही. केळीचं पान, तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. जे आत तेच बाहेर. काकूंनी वाढण्यात हात आखडला नाही. फक्त वाढताना त्या उंबऱ्याच्या आतूनच वाकत होत्या. आतून भांड्यांचे आवाज येत होते. थोड्या वेळानं भाऊसो स्वतःचं पान दोन्ही हातांवर धरून बाहेर आला, ‘आत लय उकडतंय, काकू,’ म्हणाला आणि आसिफच्या शेजारी फतकल मारून बसला. आसिफनं पुढचा घास घेतला नाही. आता महेंद्रही येईल म्हणून तो दाराकडं बघत राहिला. बघता बघता तिखलं निवून गेलं. महेंद्र आला नाही. जेवण झाल्यावर काकू म्हणाल्या, ‘पान तेवढं माडाच्या आळ्यात टाकाल ना?’ आसिफनं आपलं पान उचललं. भाऊसोही आपलं उचलायला लागला तशा काकू घाईनं पुढं आल्या, ‘अहो, तुम्ही कशाला, तुम्ही ठेवा.’ भाऊसोनं न ऐकता उचललंच. आळ्याशी उभं राहून दोघांनी हात धुतले. भाऊसो हळूच म्हणाला, ‘मनावर घिऊ नगंस रं.’ आसिफ म्हणाला, ‘मी कशाला घिऊ.’

दुसऱ्या दिवशी देवघरातला दिवा बंद पडला आणि महेंद्रनं होल्डर बदलून दिला. ओटीवर बसून आसिफला उघड्या दारातून सगळं दिसत होतं. महेंद्र स्टुलावरून उतरला, काकूंनी बटण दाबलं, उजेड पडला. काकूंनी देवांना हात जोडले आणि शेजारी महेंद्रनंही जोडले. ज्याच्या बापानं, आण्णानं, धर्मांतराच्या वेळी घरातल्या देव्हाऱ्यातले टाक विहिरीत सोडले होते आणि म्हातारपणी थरथरत्या आवाजात ते तो पोरांना अभिमानानं सांगायचा, त्या आण्णाचा मुलगा. पानाचं काय, पान एकवेळ गिळता येतं. ते जोडलेले हात आसिफला गिळवेनात. आणि त्याहून वाईट असं, की महेंद्रचा चेहरा ओशाळलेला नव्हता. सुखी होता. काकू त्याला मुलाच्या पाटावर बसवत होत्या, ‘पाटील, अजून घ्या की थोडा भात’ म्हणत होत्या, आणि तो घेत होता. समुद्रात तरंगताना होता तसा तो चेहरा होता. निघताना त्यांनी फणसपोळी बांधून त्याच्या हातात दिली, ‘आईला द्या.’ घाटात महेंद्रनं ती मोडून अर्धी मागं आसिफपुढं धरली. ‘मला गोड नगं,’ आसिफ म्हणाला. महेंद्रनं हात बराच वेळ तसाच धरून ठेवला होता, आणि मग काढून घेतला.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भाऊसोनंच पुढाकार घेऊन दोघांना ढाब्यावर बसवलं असतं आणि आईमाईवरून शिव्या देऊन गोडी करून टाकली असती. पण भांडण झालंच नाही. आधी आठवड्याला भेटायचे, मग महिन्याला, मग सणाला. मग ईदच्या शिरखुर्म्याला महेंद्र आला नाही, आणि चौदा एप्रिलला आसिफ गेला नाही. मनात मात्र हिशेब चालूच. भाऊसो बाहेर आला. ज्याच्या आज्यानं खाकरून महेंद्रला हाकललं तो भाऊसो पान घेऊन बाहेर आला, आणि ज्याच्यासाठी मी विहीर सोडली तो आला नाही. मोटारीची जळकी तार सोलताना, नवीन वेढे घालताना, चार वर्षं हेच.

‘आसिफ.’ विचारांच्या नादात तो इतका पुढं आला होता, की कोपऱ्यावर थांबलेल्या दोघांवर सायकल जाऊन आदळायची बाकी होती. महेंद्रनं त्याला बघितलं होतं आणि ओठांतल्या ओठांत त्याचं नाव घेतलं होतं. घेतलं आणि चेहरा पांढरा पडला. म्हातारा भाजीवाल्याकडं तोंड करून उभा होता, तो वळला. ‘कोण हो पाटील, पाहुणे वाटतं?’ महेंद्रची नजर आसिफवर खिळली. ती कसली नजर होती, हे आसिफला सांगावं लागलं नाही. ओल्या केसांनी अंगणात उभं असताना तीच नजर होती. ‘गावाकडचे आमच्या,’ महेंद्र म्हणाला. ‘अशोक.’ तात्या खुलले. ‘वा वा. तुम्हीपण पाटीलच का?’ महेंद्रचं धाडस तिथं संपलं होतं. तो रस्त्याकडं बघायला लागला. आणि आसिफला, ज्याची जीभ त्या दिवशी रेटली नव्हती त्या आसिफला, आपलाच आवाज ऐकू आला, ‘व्हय. चुलत-चुलत हाय आमी.’

मग चहाला नेल्याशिवाय तात्या सोडतात कसले. विश्रामबागेकडचं घर, खाली ते, वर माडीवर भाडेकरू म्हणून महेंद्र. त्यांनी आसिफला आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पंखा लावला, पाणी आणवलं. ‘पाटलांसारखं कुटुंब मिळालं म्हणून आम्ही निर्धास्त,’ तात्या सांगत होते. ‘नाहीतर हल्ली कोण कुठला येऊन राहील, काही सांगता येत नाही.’ जिन्यावरून दीक्षा, महेंद्रची बायको, खाली आली. तिनं आसिफला बघितलं, तोंड उघडलं, ‘आ’ एवढा आवाज आला आणि तिनं पदर तोंडावर घेतला, ‘आलात का, बसा,’ म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं आसिफला दिसलं. तात्यांच्या बायकोनं चहा दिला. सगळ्यांसारखाच कप, सगळ्यांसारखीच बशी. चहा संपल्यावर आसिफ सवयीनं कप घेऊन उठला, तशा त्या म्हणाल्या, ‘अहो, ठेवा, ठेवा खाली. पाहुण्यांनी कप उचलायचे असतात का?’ आसिफनं कप ठेवला. आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. पंख्याचं वारं, ती खुर्ची, ‘घ्या की अजून अर्धा कप’ म्हणणारी ती बाई. तो आणखी अर्धा कप प्याला. त्याच वेळी त्याला असंही वाटत होतं, की उठावं, बाहेर पायरीवर जाऊन बसावं आणि मोठ्यानं आपलं नाव सांगावं. पण उठवेना. उठलो तर महेंद्रचं घर जाईल, दीक्षाचा संसार रस्त्यावर येईल. भाऊसो त्या दिवशी पान घेऊन उठला, कारण तो खराखुरा पाटील होता. तो कुठंही बसला असता तरी पाटीलच राहिला असता. महेंद्रला उठता येण्यासारखं नव्हतं. आसिफनंच त्याला तिथं बसवून ठेवलं होतं. एवढी साधी गोष्ट कळायला चार वर्षं गेली, आणि कळली तीसुद्धा दुसऱ्याच्या खुर्चीवर, अशोक होऊन. त्याला महेंद्रची इतकी दया आली, आणि स्वतःचीही, की कपावरून नजर वर करवेना.

महेंद्र त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. दोघं सायकलच्या दोन बाजूंनी चालत होते. ‘लय खोल्या बघितल्या,’ महेंद्र म्हणाला. ‘आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. पोरगीला हितली शाळा जवळ पडती.’ आसिफ ‘व्हय’ म्हणाला. ‘दीक्षा लय भांडली. आण्णाला तर सांगितलेलंच न्हाई. त्यांनी वर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटू न्हाई बघितला तर...’ तो थांबला. मग एकदम, अगदी मनापासून म्हणाला, ‘तू दिलेलं नाव लय उपेगी पडलं गड्या. तवा तू सुचवलं नसतंस तर मला धाडस झालं नसतं.’ त्यात टोमणा नव्हता. असता तर किती बरं झालं असतं. तो आभार मानत होता. आसिफला वाटलं, सायकल टाकून द्यावी आणि ह्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं, म्हणावं, परत दे माझं ते नाव, मला माझा म्हेंद्या पायजे. पण तात्या फाटकाशी उभे राहून हात हलवत होते.

‘फिरदोसचं लगीन हाय पुढच्या आठवड्यात,’ तो म्हणाला. ‘सारखी तुझी आठवन काढती.’ महेंद्रचा चेहरा उजळला. ‘म्हंजी काय, येनार मी. कुठं हाय?’ ‘हितंच, खणभागात.’ ते ऐकून महेंद्रनं मागं फाटकाकडं बघितलं. ‘तात्यांचं दुकान खणभागातच हाय,’ म्हणाला, ‘सगळी वळखीची. पर येतो मी. कसंबी करून येतो.’ आसिफनं त्याच्याकडं बघितलं. येईल हा, नक्की येईल. मांडवाच्या मागच्या बाजूला, मान खाली घालून, कुणी हाक मारील म्हणून जीव मुठीत धरून उभा राहील, आणि फिरदोस सगळ्यांसमोर ‘महेंद्रभाई’ म्हणून गळ्यात पडेल. ‘नगं येऊस,’ आसिफ म्हणाला. ‘मी सांगतो तिला.’ महेंद्र ‘आसं कसं’ म्हणाला, पण हळू म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. सुटल्यासारखा श्वास त्यानं सोडला, आणि तो आसिफला ऐकू आला हे त्यालाही कळलं. ‘त्या वक्ताला, ओटीवर,’ महेंद्र म्हणाला, ‘मी आलो न्हाई भाईर. तू रागावला हुतास न्हवं?’ चार वर्षं आसिफ ह्या प्रश्नाची वाट बघत होता. उत्तरही तोंडपाठ होतं. ‘न्हाई रं,’ तो म्हणाला, आणि ते खरं होतं. त्या घडीला त्याच्या मनात रागाचा टिपूस उरला नव्हता. महेंद्रनं त्याच्या हातावर हात ठेवला, मग काढला आणि घराकडं गेला.

शेतकरी मोटारीसाठी थांबून निघून गेला होता. आसिफनं दुकान उघडलंच नाही. तो घरी आला तेव्हा फिरदोस उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. त्याच्या नुसत्या येण्यावरून तिनं काहीतरी ओळखलं. ‘भाई,’ ती मराठीत म्हणाली, ‘लागला का पत्ता महेंद्रभाईचा?’

‘लागला हुता. जाऊन आलो.’

‘मग?’

‘त्या नावाचं तितं कोन ऱ्हात न्हाई.’

फिरदोसचे हात ताटात थांबले. ती एवढंच म्हणाली, ‘मला वाटलं हुतं, तो येईल.’ आसिफ सायकलवरचं बंडल सोडतो म्हणून परत बाहेर गेला आणि भिंतीकडं तोंड करून, बहिणीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, रडला.